प्रसाद आणि पहिले ख्रिस्ती

आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे प्रेमराज सरांना, ठाऊक नाही असा विषय नाही. म्हणूनच ते कुठलंही पुस्तक उघडत नाहीत. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास निवडला, तेव्हा त्यांनी आधी अर्जावरचं आडनाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काय मृणाली, पुन्हा धर्म बदलायचाय का?" म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले. शुक्रवारपर्यंत या विषयावरचं एक चांगलं प्राथमिक पुस्तक आणून दाखव, तर सही करतो. नाहीतर खान्देशातले आठवडे बाजार घे. आठवडे बाजारांवर त्यांच्या हाताखाली निम्मं धुळं एम.ए. झालंय.

मला ख्रिस्ती व्हायचं नव्हतं. जुना धर्म सोडून नव्यात गेलेली पहिली पिढी जुन्याच शेजाऱ्यांमध्ये जगते कशी, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. आमच्या घरात तशी एक बाई आहे, माझी आजी लिलाबाई. बौद्ध झाल्यावर आजोबांनी शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसाद नाकारला, आणि आजीनं तोच पदराआड घेऊन गोठ्यामागं खाल्ला. आजोबा कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती अजून म्हणते, "माय, धरम बदलना, जीभ थोडीच बदलनी!"

पुस्तक शोधायला निघाले. पाद्रीबाबांनी प्रार्थनेची पुस्तिका दिली. इतिहास हवाय म्हटलं, तर म्हणाले, आधी विश्वास ठेव, इतिहास आपोआप कळेल. गल्लीतले धर्मरक्षक हितेंद्रभाऊ यांनीही एक पुस्तिका फुकट दिली. तिच्यात पहिल्या शतकापेक्षा गेल्या निवडणुकीवर जास्त पानं होती. वडिलांनी, आपल्या धम्माचं सगळं वाचून झालं का, असं विचारलं. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता खरा, पण काचेच्या कपाटात, तपासणी समितीला दाखवायला. त्या कपाटाची किल्ली समितीबरोबरच उगवते.

शेवटी बसस्थानकाजवळच्या जुन्या पुस्तकांच्या गाडीवर, पोलीस भरतीच्या गाइडांखाली, एक बारीकसं मराठी पुस्तक सापडलं. पहिल्याच पानावर लेखकानं लिहिलं होतं, यातलं काय आपल्याला माहीत आहे आणि काय माहीत नाही. धुळ्यात इतक्या जणांना विचारलं, पण 'माहीत नाही' म्हणणारा हा पहिलाच भेटला. मी ते घरी जाताना रिक्षातच वाचायला घेतलं.

शुक्रवारी विभागात सत्यनारायण होता, नवा प्रोजेक्टर आला म्हणून. सरांनी पुस्तक उलटं करून आधी किंमत पाहिली.

"एवढंसं? काय आहे यात?"

"सर, करिंथ शहरातल्या नव्या ख्रिस्ती लोकांत भांडण लागलं होतं. देवळात मूर्तीला वाहिलेलं मांस खायचं की नाही. काही म्हणायचे, मूर्तीत काहीच नाही, मग खायला काय हरकत? काही म्हणायचे, तेच खायचं, तर मग सोडलं काय?"

"खाण्यावरून भांडण! आणि यावर प्रबंध?" सर खो खो हसले.

तेवढ्यात शिपाई झुलालभाऊ शिऱ्याचे द्रोण घेऊन आले. सरांनी एक स्वतः घेतला, दुसरा माझ्यापुढे सरकवला. मी नको म्हणाले. द्रोण घेतलेले बाकीचे प्राध्यापक माझ्याकडे बघू लागले.

"अगं, आजकाल कोण पाळतं असलं काही? घे. आधी प्रसाद, मग सही."

आजीची जीभ माझ्याही तोंडात आहे. साजूक तुपाचा वास येत होता, सही तर हवीच होती. सहज दिला असता, तर मी दोन द्रोण खाल्ले असते. पण सहीच्या बदल्यात? घास घशाखाली उतरला नसता.

"सर, आत्ता इथं जे चाललंय ना, तेच माझं पहिलं प्रकरण आहे," मी म्हणाले.

सरांना काहीही कळलं नाही. चेहरा मात्र पडला. त्यांनी अर्ज ओढला आणि शेरा मारून खाली सही ठोकली: 'विषयाचा आजच्या जीवनाशी काहीही संबंध नाही. नामंजूर.' बोटांचं तूप कागदाला लागलं.

मला वाटलं होतं, मी रडेन. रडू आलं नाही, सणसणून राग आला. अर्जावरचं ते तूप मी पुसलं नाही. अर्ज घडी घालून त्या बारक्या पुस्तकात ठेवलाय, आणि सोमवारी तो घेऊन प्राचार्यांकडे जाणार आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भांडणाचा इतका ताजा पुरावा, तोही विभागप्रमुखांच्या सहीनिशी, मला कुठल्या ग्रंथालयात मिळाला असता?