कड्यापलीकडचे दोन सेकंद

आमच्या वहिनींनी आयुष्यात एकच पाणघोडा काढला, पण तो लाखभर वेळा तरी काढला असेल.

त्याचं नाव गाठोड्या. कार्टूनपटांत तो लोकांची पार्सलं पोचवायचा. प्राणी नाकासमोर चालणारा, त्यामुळे कडा संपला तरी चालतच राहायचा. अधांतरी पोचला की थांबायचा. आधी काखेतल्या पार्सलाची गाठ ओढून बघायचा. घट्ट आहे ना? आहे. मग वळून आपल्याकडे समाधानाने बघायचा, मग खाली बघायचा, आणि मग पडायचा. पार्सल कधीच फुटलं नाही. गाठोड्या दर भागात फुटायचा.

ही लकब वहिनींना घरातच सापडली. लग्नाच्या पहिल्या वर्षी दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि स्टूल कलंडलं. हवेत असताना दादांनी आधी हातातला बल्ब शाबूत आहे का ते पाहिलं, आणि मग आरडाओरडा केला. दुसरी एखादी बायको नवऱ्याकडे धावली असती. वहिनीही धावल्या, पण कागद-पेन्सिल आणायला. दादांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. बल्ब वाचला होता.

पुढे स्टुडिओ बंद पडला. कोठारात पाणी शिरून सगळ्या फिल्मा खराब झाल्या. उरले ते वहिनींच्या पेटीतले कागद. वहिनी चौऱ्याहत्तरच्या झाल्या, आणि गाठोड्या कोण हे पोरांना सांगावं लागायला लागलं. अशात एका थीम पार्कने त्याच्यावर राइड बांधायचं ठरवलं. वहिनींनी एवढीच अट घातली: बांधून झाल्यावर मी बसून बघेन, आणि 'हा गाठोड्याच आहे' अशी माझी सही झाली तरच त्याचं नाव लावायचं.

उद्घाटन दुपारी चारला होतं. सकाळी दहाला आम्ही तिघं हजर झालो. मॅनेजर नाडी बांधलेली फाइल छातीशी धरून उभे होते. शेजारी राइड बांधणारी इंजिनियर, तिशीची, मनगटापर्यंत ग्रीस.

"लहानपणी ताप आला की मी गाठोड्या बघायचे," ती वहिनींना म्हणाली. "त्याच्याशिवाय आईला मला औषधच पाजता यायचं नाही."

राइड बघून मी गप्प झालो, आणि हे माझ्या बाबतीत फार घडत नाही. रुळांवर पार्सलाच्या आकाराचा लाकडी पेटारा, त्यात चार रांगा, आणि पुढे आमच्याकडे पाठ करून बसलेला फायबरचा गाठोड्या. डाव्या कानाची मुरड जशीच्या तशी. आम्ही तिघं बसलो. पेटारा निघाला आणि डावीकडे जड, उजवीकडे हलका असा डुलायला लागला. थेट गाठोड्याची चाल! पोरीने लोखंडी रुळांकडून पाणघोडा चालवून घेतला होता.

"चालतोय हो माझा," वहिनी पुटपुटल्या.

मग कडा आला. पेटारा अर्धा बाहेर गेला, थबकला. गाठोड्याचा हात हलल्यासारखा वाटला, मान इकडून तिकडे फटकन गेली आणि आम्ही कोसळलो. दादा ओरडले. मी ओरडलो. वहिनी ओरडल्या नाहीत.

खाली मॅनेजरांनी पेन पुढे केलं. वहिनींनी हात मागे घेतला.

"कुणी हसलंच नाही."

"अहो मॅडम, राइड आहे. लोक ओरडायलाच येतात."

"ओरडायचं पडल्यावर. त्याआधी हसू यायला हवं. हा कुणीतरी दुसराच पाणघोडा आहे. स्वभावाने भला असेलही, पण माझा नाही."

मॅनेजरांनी घड्याळ पाहिलं. "गोदामात ड्रॅगनचं मुंडकं तयार ठेवलंय. चार बोल्ट काढायचे, चार लावायचे. एक वाजेपर्यंत वाट बघतो."

इंजिनियरने गाठोड्याकडे पाहिलं. तीन वर्षं गेली होती तिची त्याच्यावर.

"करून टाक ना सही," दादा हळूच म्हणाले. "कुणाला कळतंय?"

"अहो, मला कळतंय की."

"ड्रॅगन बसला तर गाठोड्या कुणालाच दिसणार नाही."

"दिसला तर तोच दिसायला हवा," वहिनी म्हणाल्या, पण त्यांचा हात गाठोड्याच्या मुरडलेल्या कानावर गेला. गाठोड्याला दुसरी जागा उरलेली नव्हती, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"काय चुकलं ते तरी सांगा," इंजिनियर म्हणाली.

"घाई झालीय त्याला. एवढ्यात गाठसुद्धा ओढून होत नाही."

ती पळत गेली आणि वहिनींच्या पेटीतला, प्लास्टिकमध्ये जपलेला एक कागद घेऊन आली. कुठलं चित्र कधी यायचं, याचा वहिनींनी स्वतः आखलेला तक्ता. "हे बघा, तुमचंच अक्षर. 'अधांतरी थांबणे, चोवीस.' सिनेमात सेकंदाला चोवीस चौकटी. म्हणजे एक सेकंद. मी माझ्या मनाचं काही घातलं नाही हो."

वहिनींनी कागद लांब धरून वाचला आणि कपाळावर हात मारला.

"अगं, ही चोवीस चित्रं! चालताना आम्ही चौकटीगणिक नवं चित्र काढायचो, चाल अडखळू नये म्हणून. थांबला की एकेक चित्र दोन चौकटी ठेवायचं. थांबलेल्याला कसली घाई?"

"म्हणजे दोन सेकंद. पण हे लिहिलंय कुठे?"

"कुठेच नाही. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. लिहायचं कुणासाठी?"

इंजिनियर मटकन पेटाऱ्याच्या काठावर बसली. "मला आठवत होतं तो जास्त थांबायचा ते. म्हटलं, लहानपणी सगळंच लांबलचक वाटतं."

"तेव्हाच स्वतःवर विश्वास ठेवायचा," वहिनी म्हणाल्या. "तापात माणूस नीट बघतो."

आता मॅनेजर पुढे सरसावले. "दोन सेकंद कड्यावर लटकवायचं? लोकांना वाटेल, यंत्र बिघडलं!"

"तेच वाटायला हवं. तुम्ही बसाच पुढच्या रांगेत."

इंजिनियरने ब्रेकची वेळ बदलली, मानेची आणि हाताची गती निम्मी केली. आधी दोनदा पेटारा रिकामा सोडला. मग मॅनेजर, दादा, दोन रंगारी आणि झाडलोट करणाऱ्या चार बाया बसल्या. वहिनी माझ्याबरोबर खाली थांबल्या. माझं मनगट त्यांनी असं आवळलं होतं की नाडी त्यांची लागतेय की माझी, ते कळेना.

पेटारा डुलत कड्यावर आला. अर्धा बाहेर गेला. थांबला.

वर सगळं चिडीचूप. गाठोड्याने सावकाश गाठ ओढली. घट्ट होती. मग तो वळला आणि मॅनेजरांच्या तोंडाकडे इतक्या समाधानाने बघायला लागला की झाडलोटवाल्यांपैकी एक बाई फिस्सकन हसली. तिच्यामागे सगळे हसले. मग त्याने खाली पाहिलं. हसणं तोंडात असतानाच सगळे कोसळले, आणि ती किंकाळी खालपर्यंत हसतच आली.

मॅनेजर उतरले तेव्हा केस उभे आणि फाइल पोटाशी.

"साहेबांनी पडायच्या आधी फाइलची नाडी तपासली," दादांनी जाहीर केलं. "मी शेजारीच होतो."

मॅनेजरांना हे ऐकूच गेलं नाही. "मॅडम, तीन सेकंद करता येतील?"

"नाही. तिसऱ्या सेकंदाला माणूस विचार करायला लागतो."

वहिनींनी फाइल मॅनेजरांच्याच पाठीवर टेकवून सही केली. इंजिनियर भिंतीकडे तोंड करून बराच वेळ ग्रीस पुसत राहिली. मी तिला माझा रुमाल दिला. तो परत मागितला नाही.

चारला फाटक उघडलं. वहिनी सगळ्यांबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची वेळ आली तेव्हा दारावरच्या माणसाने त्यांना ओळखलं आणि अदबीने पुढची जागा दाखवली.

"नको रे बाबा," वहिनी म्हणाल्या. "मला शेवटची रांग दे. पुढे बसलं की कोण हसतंय ते दिसत नाही."