खोटा खोकला आणि खरा चोथा

एका गल्लीत युनशिउ नावाची म्हातारी होती, तिची सून पेईवन होती आणि समोरच्या घरात ल्याव नावाचा म्हातारा होता. तिघांच्या मधे, चुलीवर बूड शेकत, मी होते. मी काढ्याची मातीची हंडी बोलतेय.

मी मूळची ल्यावच्या घरची. त्याच्या बायकोनं अकरा वर्षांपूर्वी युनशिउला खोकल्यासाठी मला उसनी दिली. खोकला गेला, पुढं देणारी माउलीही गेली, मी मात्र इथंच. आमच्याकडे काढ्याची हंडी कुणी परत नेऊन देत नाही. दिली तर आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात टाकल्यासारखं होतं. मालक आजारी पडला की त्यानंच येऊन न्यायची. आणि ल्याव पडला धडधाकट! चाळीस वर्षं जडीबुटीच्या दुकानात खणांची उघडझाप केलेला गडी. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर त्याला काही नाही.

गेल्या हिवाळ्यात युनशिउच्या काळजात धातूची झडप बसवली. रक्त गोठू नये म्हणून रोज एक गोळी. पण म्हातारी म्हणे, "गोळी त्या झडपेला. मला काय?" नातीला दिवस गेलेले, पणतवंड मांडीवर घ्यायचं, त्याला अंगात बळ नको? बहिणीनं काढ्यासाठी तांगक्वेईची मुळी धाडली, रक्त वाढवते म्हणतात ती. सून बाजारात गेली की मी चुलीवर! वास सुटलाच तर म्हणायची, "पाय शेकतेय गं, पाण्यात पाला टाकलाय."

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आणखी कुठलं औषध घेता?"

"छे! एक थेंब नाही."

खोटं नव्हतं हो ते. मुळी तर रश्श्यातही पडते, तिला औषध कोण म्हणेल? मी आपली तोंडाला फडकं बांधून गप्प.

मग दात घासताना रक्त येऊ लागलं. दंडावर काळेनिळे डाग उठले.

"आई, कुठं पडलात का?"

"डास चावला."

"हिवाळ्यात?"

"म्हातारा असेल. वेळकाळ विसरला."

सगळं लपवलं, पण उकळल्या मुळीचा चोथा लपवता येईना. तो रस्त्यावरच टाकायचा. येणारे-जाणारे तुडवतात आणि दुखणं त्यांच्या पायाखाली निघून जातं. मोरीत टाकलं तर घरात मुरतं. म्हातारी रोज गुपचूप दारापुढं ओतायची आणि वर मोजायची, किती जणांनी तुडवलं!

एका सकाळी ल्याव चहाला निघाला. पाय चोथ्यावर पडला आणि तिथंच थबकला. वाकला, एक चकती उचलली, हुंगली. मग बाजारातून परतणाऱ्या पेईवनला दारातच हळूच विचारलं, "सूनबाई, सासूची गोळी कसली गं?"

तिनं सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"रक्त पातळ करणारी? ती गोळी घेणाऱ्याला ही मुळी आम्ही दुकानातून कधी दिली नाही. दोन्ही मिळाल्या तर रक्त थांबायचं नाव घेत नाही."

आणि तो सरळ स्वयंपाकघरात शिरला. "खों खों! युनशिउबाई, मी आजारी आहे. माझी हंडी द्या."

"काल दोन वाडगे नूडल्स हाणलेत की!"

"त्याचाच आजार."

रिवाजापुढं म्हातारीचं काही चालेना. काढ्यासकट मी निघाले, वाफा सोडत! चोथा कागदात बांधून पेईवननं सासूला त्याच तासाला इस्पितळात नेलं. रक्त इतकं पातळ झालं होतं, की नुसता पाय घसरला असता तरी ती हातची गेली असती. चार दिवस ठेवून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, "सांगायचं नाही का, आजी?"

"मुळीचं विचारलंत कुठं?"

तेव्हापासून ते डॉक्टर प्रत्येकाला विचारतात, "हंडीत काय शिजतं?"

आता मी ल्यावच्या घरी. खोट्या खोकल्याची शिक्षा म्हणून त्याला खरा खोकला झाला आणि शहाण्यानं माझ्यात भरपूर ज्येष्ठमध उकळलं. चोथा दारापुढं ओतून आत वळतोय, तोच समोर युनशिउ! तिनं काठीनं चोथा उकरला.

"ज्येष्ठमध? रक्तदाब चढतो त्यानं! मला शहाणपण शिकवता? डॉक्टरांना विचारलंत?"

मी मनात म्हटलं, बायांनो, बाबांनो, चोथा खुशाल रस्त्यावर ओता. पण हंडीत काय आहे ते आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

म्हातारीनं मग जपून आणलेली, बाळ महिन्याचं झालं की वाटतात ती दोन लाल अंडी त्याच्या हातात ठेवली. पणती महिन्याची झाली होती. युनशिउच्या खांद्यावर दुधाचा ओला डाग होता आणि तो पुसायचं तिच्या मनात नव्हतं.