घोड्यावरचा निबंध

टिपणीस मास्तरांवर मी सूड उगवला आणि त्याचा मला अजून पश्चात्ताप नाही. चर्चमध्ये पाद्रीबाबांपुढे पापांची कबुली देताना एवढं एक मी दरवेळी गाळतो.

साल अठराशे चौऱ्याऐंशी. ठाण्याच्या शाळेत मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. वडील खाडीकाठच्या मिठागरात राबायचे. परीक्षेचा अर्ज मुंबईला जायचा तो मास्तरांच्या सहीनिशी. आदल्या वर्षी त्यांनी सही केली, पण तारीख घातली नाही. अर्ज परत आला, माझं वर्ष बुडालं. "राहिली बुवा," म्हणून ते हसले. या वर्षी तर सहीलाच नकार. "अरे फेलिक्स, तू पास होऊन गेलास तर निबंधांच्या नकला कोण उतरवील? आणि मिठागरात इंग्रजी बोलणार कोणाशी, खेकड्यांशी?"

वर्ग खदाखदा हसला. मी आतून पेटलो.

माझं अक्षर वळणदार. मास्तरांच्या वहीतले इंग्रजी निबंध मी वीस मुलांसाठी उतरवून काढायचो, आणि मुलं अर्थाच्या वाटेला न जाता ते घोकायची. मास्तर टेबलावर छडीने ठेका धरायचे. ठेका चुकला की छडी पाठीवर. शब्द ऐकतो कोण! माझी नक्कलही त्यांनी कधी तपासली नाही.

घरी वडील म्हणाले, "सोड ना पोरा. सायबाची भाषा शिकून मीठ काय गोड होनार हाय?" मी ताटावरून उठलो.

तेवढ्यात वर्दी आली, शाळेच्या तपासणीला गोरा साहेब येणार. तो खूश झाला तर मास्तर कल्याणच्या शाळेचे हेडमास्तर होणार होते. त्यांनी मला घोड्यावरचा निबंध उतरवायला दिला. मी उतरवला, आणि शेवटी पदरची दोन वाक्यं घातली, ठेक्यात चपखल बसतील अशी. मुलांनी आठवडाभर ती घोकली, मास्तरांनी आठवडाभर ठेका धरला. शिवाय त्यांनी मुलांना पढवून ठेवलं, साहेब काहीही विचारो, एका सुरात "यस सर" म्हणायचं.

साहेब आला. मुलांनी घोड्याचे पाय, शेपूट, उपयोग खणखणीत आवाजात म्हटले आणि त्याच ठेक्यात पुढे गेली. मराठीत सांगायचं तर, "आम्ही नुसतं पाठ म्हणतो, अर्थ कोणालाच कळत नाही. आमच्या मास्तरांपेक्षा घोडा शहाणा." मास्तर डोळे मिटून मान डोलावत होते.

साहेबाने इंग्रजीत विचारलं, हे खरं आहे का?

"यस सर!" वीस गळे गरजले.

मास्तरांचे डोळे खाडकन उघडले. हे लिहिलं कोणी, असं साहेबाने विचारताच मी उभा राहिलो आणि दोन्ही वर्षांच्या अर्जांची हकीकत इंग्रजीत सांगितली. जीभ एकदाही अडखळली नाही. असा आनंद मला एकाही नाताळात झाला नव्हता.

साहेबाने माझा अर्ज मागवून घेतला आणि दौत मास्तरांपुढे सरकवली. कल्याण गेलं हे त्यांना कळून चुकलं होतं. त्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडे ढकलला.

मी तो पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

"मास्तर," मी म्हणालो, "तारीख राहिली बुवा."