फाइली फोल्डरमध्येच राहतील

बायकोने आमच्या वेबसाइटवर शिवणकामाचे दोनशे दहा धडे स्वतःच्या आवाजात चढवले होते. ती जाऊन चार महिने झाले. साइट मी नव्या कॉम्प्युटरवर हलवली, तर धड्यांची यादी आली, पण एकही धडा वाजेना. बॅकअप मी फक्त डेटाबेसचा, म्हणजे धड्यांच्या यादीचा घेतला होता. आवाजाच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये होत्या आणि जुनं मशीन पुसून देऊनही टाकलं होतं.

"बाबा, घसा कोरडा करून सांगत होते, फाइलीही डेटाबेसमध्येच ठेवा," मुलगी म्हणाली. "एकाच बॅकअपमध्ये सगळं आलं असतं. आता आईचा आवाज कुठून आणायचा?"

"तिच्या पर्समधून."

डेटाबेस कशाशी खातात ते बायकोला ठाऊक नव्हतं. फोल्डर मात्र उघडता यायचं. दर शनिवारी ते पेन ड्राइव्हवर घेऊन ती वर्गात शिकवायला जायची. पर्समधल्या पेन ड्राइव्हवर सगळ्या फाइली निघाल्या. मी पहिला धडा लावला.

"कात्री सावकाश चालव गं, कापड कुठे पळून जात नाही."

मुलगी रडली, मीही रडलो.

"बॅकअपची चूक माझी," मी म्हणालो. "आजपासून दोन्हींचा एकत्र घेऊ. पण फाइली फोल्डरमध्येच राहतील."

"आपलंच घोडं दामटा!" मुलगी नाक पुसत म्हणाली आणि तिने फोल्डर कॉपीला लावलं.