बारा केळी, सात पाहुणे

छगनच्या विनोदावर अभिमन मास्तर शेवटी हसले. — छे, कोण हसलं? तसं काही घडलेलंच नाही. ताटलीत केळ्याची एक साल पडली होती आणि मास्तर तिच्याकडे बघत होते, इतकंच.

साल छगनची. छगन हा मंजुळाबाईंचा आतेभाऊ; दर रविवारी नरडाण्याहून जळगावला यायचा, मास्तरांच्या ओट्यावर बसून मास्तरांचीच केळी खायचा आणि मास्तरांच्याच बायकोला हसवायचा. आत्ताही त्याने सांगितलं, की त्याच्या आबांनी बारा केळी आणली, पाहुणे सात, प्रत्येकाने दोन-दोन खाल्ली, मग आबा आत जाऊन आजीला म्हणतात, "दोन उरनात. पाहुना लाजनात वाटस" — म्हणजे दोन उरली, पाहुणे लाजले वाटतं.

मंजुळाबाई उंबऱ्यावर बसून डोळे पुसत हसत होत्या… मास्तर मनात हिशेब मांडत होते: सात दुणे चौदा, वर दोन, सोळा. चार केळी आली कुठून? आणि हे असलं हसू नऊ वर्षांत माझ्या वाट्याला एकदाही येऊ नये — हा भागाकार केला कुणी?

"सोळा हवीत," मास्तर म्हणाले.

"मग तुम्ही सोळाची सांगा, मास्तर."

मास्तरांनी सांगितली. सोळा केळी आणली, सात पाहुण्यांनी दोन-दोन खाल्ली, दोन उरली.

"मग?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"मग काही नाही. बरोबर आहे."

त्यावर दोघं पुन्हा हसली, मघापेक्षा जास्त. "छगनभाऊ, आमच्या घरात चुकीची बेरीज टिकत नाही हो," मंजुळाबाई म्हणाल्या.

टिकत नाही… मामाच्या मुलीवर पहिला हक्क आतेभावाचा, रीतच ती; पण पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण लागतात आणि छगनचे भरले सतरा, म्हणून तर स्थळ मास्तरांकडे आलं. लग्नानंतर छगनच्या गुणांचा तो कागद ट्रंकेत सापडला, तेव्हा मास्तरांनी निव्वळ सवयीने बेरीज पडताळली होती — सत्तावीस. हातचे दोन धरायचे तिथे पत्रिका जुळवणाऱ्या जोशीबुवांनी एकच धरला होता. मास्तरांनी कागदाची घडी घातली, ती आजतागायत उघडलेली नाही.

चार केळी कुठून आली म्हणे. मी तरी कुठून आलो? हसूच आलं. मास्तरांनी ते खोकला म्हणून काढून टाकलं, आणि सालीकडे बघत शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटींना मनातल्या मनात अर्ज लिहायला घेतला —

'मेहेरबान दिपोटी साहेब, शाळाखाते, यांचे सेवेशी. पूर्व खानदेश जिल्ह्यात चुकीच्या बेरजेवर आजवर झालेले सर्व हसणे रद्द समजण्यात यावे. मात्र चुकीच्या बेरजेवर झालेले एक लग्न कायम ठेवण्यात यावे, ही विनंती.'