या चारही स्त्रिया मीच

इलोना सॉबो नंदुरबारला आली ती मिरची वाळवायला. हंगेरीत तिच्या गावाकडे लाल मिरचीचंच पीक, आणि मिरची वाळवायची यंत्रं बसवण्यात तिच्या आयुष्याची सतरा वर्षं गेली होती. नंदुरबारच्या एका मसाला कंपनीला मिरची मोकळ्या मैदानात पथारीवर न पसरता बंद शेडमध्ये वाळवायची होती. त्यांनी तिला दोन वर्षांच्या करारावर बोलावून घेतलं.

निघण्याआधी तिनं चांगली तयारी केली होती. सहा महिने ती इंटरनेटवरून पुण्याच्या एका बाईंकडे मराठी शिकली. क्रियापदं पाठ केली, आदरार्थी रूपं घोटली. नंदुरबार स्टेशनवर उतरली तेव्हा रिक्षावाल्यानं तिची बॅग उचलत विचारलं, "कथा जानं शे, ताई?" कथा म्हणजे गोष्ट, हे तिला ठाऊक होतं; इथे कथा म्हणजे कुठे, हे नव्हतं. तिनं शांतपणे उत्तर दिलं की मला कथा नको, मला घरी जायचे आहे. रिक्षावाला ही हकिकत पुढे महिनाभर सगळ्यांना सांगत होता.

तिनं शिकलेली मराठी इथे कुणी बोलतच नव्हतं. सगळीकडे अहिराणी. भाजीवालीला ती "आपल्याकडे दुधी भोपळा आहे का?" असं विचारी आणि भाजीवाली पदर तोंडाला लावून शेजारणीकडे बघे. गच्चीवरच्या मांजरालासुद्धा ती "आपण खाली उतरता का?" म्हणायची. पोरं मुद्दाम ते ऐकायला येत.

तिला वरचा मजला भाड्यानं दिला होता गिरधर पाटलांनी. गिरधरभाऊ एसटी डेपोतून निवृत्त झालेले, सकाळी मोठ्यानं पेपर वाचणारे, शिस्तीचे गृहस्थ. त्यांची बायको सिंधुबाई सत्तेचाळीस वर्षांची. मुलगी गायत्री लग्न होऊन सुरतेला. घर रिकामं झालेलं, त्यामुळे सिंधुबाईंचं सगळं लक्ष वरच्या मजल्यावर.

हे लक्ष इलोनाला फार जड गेलं. सिंधुबाई दार वाजवत नसत. त्या थेट आत येऊन पातेल्यावरचं झाकण उचलून बघत. काय खाल्लं, किती खाल्लं, नवरा कुठे आहे, का सोडला, आईला फोन केला का, हे प्रश्न रोजचे. गल्लीतल्या बायकांनी तर ठरवूनच टाकलं होतं की गोऱ्या बाईला तिखट सोसत नाही. ज्या घरी वांग्याचं भरीत होई तिथूनही तिच्यासाठी वेगळी वाटी यायची, फिकी आणि साखर घातलेली. मी मिरचीवर वाढलेली आहे, हे तिनं शुद्ध मराठीत अनेकांना समजावून पाहिलं. त्या ऐकून घेत, मान डोलावत आणि पुढच्या वेळी साखर थोडी वाढवत.

एकदा शांतीबाई शिंपी या शेजारणीनं तिला सॉबो म्हणजे काय ते विचारलं. आमच्या भाषेत सॉबो म्हणजे शिंपी, असं इलोना सहज बोलून गेली. शांतीबाईंना आनंद आवरेना. त्या आठवड्यात तिच्याकडे तीन ब्लाऊज उसवायला आले आणि एक साडी फॉल लावायला आली. इलोनाला साधं बटणसुद्धा लावता येत नव्हतं.

पण खरा वैताग होता तिच्या नावाचा. हंगेरीत आडनाव आधी आणि नाव नंतर, संपलं. इथल्या प्रत्येक फॉर्मवर तीन चौकोन. मधला चौकोन वडिलांचा किंवा नवऱ्याचा. तो रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. मोबाइलच्या दुकानात मधला चौकोन भरायचा म्हणून पोरानं आडनाव पहिल्यात, नाव दुसऱ्यात टाकलं आणि तिसऱ्यात 'बाई' लिहिलं. गॅसच्या एजन्सीत तिनं वडिलांचं नाव लॉयोश सांगितलं, ते तिथे 'लाजोस' झालं. बँकेत कुणीतरी मधल्या चौकोनात 'लागू नाही' अशा अर्थाची इंग्रजी दोन अक्षरं टाकली आणि पत्रं येऊ लागली 'श्रीमती इलोना ना साबो' या नावानं. घरभाड्याच्या करारात गिरधरभाऊंनी, सगळे म्हणतात म्हणून, 'इलाबाई' लिहिलं होतं.

वर्षभर हे सगळं चाललं. सप्टेंबरात राहण्याची मुदत वाढवायची वेळ आली, तेव्हा परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयातल्या साहेबांनी सगळे कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि यातली तुम्ही कोणती, असं विचारलं. मग त्यांनीच उपाय सांगितला. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून आणा. सोबत ओळखणारा एक साक्षीदार आणा.

साक्षीदार म्हणून सिंधुबाई आल्या. ठेवणीतली साडी नेसून, पाण्याची बाटली घेऊन. कोर्टाबाहेरच्या टपरीत चंदन नावाचा टायपिस्ट बसला होता. त्यानं इलोनाचे कागद पाहिले, चष्मा पुसला आणि न थांबता टाइप केलं. कागद बाहेर आला तो इलोनानं मोठ्यानं वाचला. "साबो इलोना बाई, इलोना लाजोस साबो, इलोना ना साबो व इलाबाई या चारही स्त्रिया मीच असून त्या एकच आहेत."

इलोनाला हसू फुटलं. चंदनलाही. सिंधुबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कागद हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवत दोनदा वाचला आणि खाली सही केली. वकिलांनी त्यावर शिक्का मारला. निघताना त्यांनी चंदनला हळूच विचारलं, "हाई कोनंबी व्हई जास का?" कुणाचंही होतं, चंदन म्हणाला, फक्त पुरावा लागतो.

परतताना रिक्षात त्यांनी इलोनाला सांगितलं. त्यांचं खरं नाव सुगंधा. शहादा तालुक्यातल्या कळसाडीच्या अमृत चौधरींची मुलगी सुगंधा. नववीत वर्गात दुसरी आली आणि त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. सासूचंही नाव सुगंधाबाई. एका घरात दोन सुगंधा कशा चालतील, म्हणून मांडवातच ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं गेलं. सिंधू. दहावीची परीक्षा द्यायची फार इच्छा होती. गायत्री दहावीला होती तेव्हा तिच्या पुस्तकांतून त्यांनी चोरून अभ्यासही केला. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं, हे कळल्यावर एकदा शाळेत चौकशीला गेल्या. दाखला सुगंधा चौधरीचा, आधार सिंधुबाई पाटलांचं. खिडकीतल्या माणसानं विचारलं, यातली तुम्ही कोण? त्यांना अहिराणीत सांगायला संकोच वाटला, शुद्ध बोलायला जीभ वळेना, मागे रांग वाढली, आणि त्या घरी आल्या. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

"कुनले सांगजो नको," त्या म्हणाल्या. "त्यास्ले तर मुळीच नको."

त्यास्ले म्हणजे गिरधरभाऊ, एवढी अहिराणी इलोनाला आता येत होती.

नऊ वर्षांची गोष्ट ऐकून इलोना रात्रभर तळमळली वगैरे काही नाही. तिला संताप आला, आणि संताप आला की ती यादी करायची. फॉर्मची मुदत, मधल्या काळात हरवलेल्या दाखल्याची दुसरी प्रत, प्रतिज्ञापत्र, फोटो. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला ती खाली आली. गिरधरभाऊ बाहेर गेले होते. तिनं यादी सिंधुबाईंपुढे ठेवली आणि म्हणाली, "आपण शुक्रवारी कळसाडीला जाऊ."

घरी सांगितलं की इलाबाईला कापूस बघायचाय. शहाद्याहून पुढे दुसऱ्या बसनं दोघी गेल्या. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस आणि कापूस होताच, त्यामुळे अगदी खोटं बोललो असं सिंधुबाईंना वाटलं नाही. शाळेच्या पायरीशी मात्र त्यांचे पाय थांबले. मग इलोना पुढे झाली. तिनं कार्यालयात जाऊन नमस्कार केला आणि म्हटलं, "महोदय, या आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थिनी आहेत. त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मिळावी अशी आमची नम्र विनंती आहे."

बाजारात ज्या भाषेवर लोक हसत, ती इथे खणखणीत चालली. लिपिक खुर्चीत सरळ झाले. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं आणि जुनी रजिस्टरं काढायला लावली. एका पानावर, शाईनं, वळणदार अक्षरात नाव सापडलं. सुगंधा अमृत चौधरी, प्रगती उत्तम. सिंधुबाईंनी त्या पानाला हात लावू का, असं विचारलं. लिपिकांनी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं.

चंदननं दुसरं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. या वेळी दोनच स्त्रिया होत्या, आणि साक्षीदार म्हणून सही इलोनानं केली. परदेशी साक्षीदार चालेल का, याचा चंदनला जरा विचार पडला. वकील म्हणाले, ओळखते ना ती? मग चालेल.

फॉर्म भरला गेला. पण प्रतिज्ञापत्राच्या जादा प्रतीचा कागद ओट्यावर डब्याखाली राहिला आणि संध्याकाळी चहापत्ती शोधताना तो गिरधरभाऊंना सापडला. त्यांनी तो सवयीनं मोठ्यानं वाचायला घेतला आणि दुसरी ओळ पुन्हा एकदा वाचली. इलोना तेव्हा भाडेकराराची नवी प्रत द्यायला खाली आली होती. तिला परत फिरावंसं वाटलं, पण सिंधुबाईंनी तिचा हात धरून ठेवला.

"मले काबरं नही सांगं?" गिरधरभाऊंनी विचारलं.

"तुम्ही हासतस म्हनीसन," सिंधुबाई म्हणाल्या.

सिंधुबाई पेपर वाचायला बसल्या की गिरधरभाऊ त्यांचे उच्चार सुधारत, कधी नक्कल करत, आणि ते आपल्याला गमतीचं वाटत आलं, एवढं त्यांना तिथल्या तिथे आठवलं असावं. परीक्षेचं त्यांना काहीच नव्हतं. आपल्याआधी हंगेरीच्या बाईला कळलं, हे लागलं होतं. त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली.

"मग आते तुले काय म्हनू?"

"घरमा सिंधूच म्हना. सवय शे," त्या म्हणाल्या. "पेपरवर मी सुगंधा."

दुसऱ्या दिवसापासून गिरधरभाऊंनी इतिहास शिकवायला घेतला. ते तो डेपोतल्या सूचनांच्या आवाजात शिकवत, त्यामुळे आख्ख्या गल्लीचा इतिहास पक्का झाला. बीजगणित इलोनाकडे. तिला गणित येत होतं पण मराठीतलं गणित येत नव्हतं. सिंधुबाईंना मराठी वाचता येत होतं पण गणित विसरलेलं होतं. एका उदाहरणात टाकी दोन नळांनी भरत होती आणि तिसऱ्या नळानं रिकामी होत होती. सिंधुबाईंनी आधी तिसरा नळ बंद करायला सांगितला. पाणी वाया घालवणाऱ्या माणसाचं गणित मी सोडवणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या एका नळावर संध्याकाळ गेली. मार्चपर्यंत मात्र त्या इलोनाच्या चुका काढू लागल्या.

परीक्षेच्या केंद्रावर फाटकातल्या शिपायानं त्यांना पालक समजून बाहेरच थांबवलं. त्यांनी हॉल तिकीट दाखवलं आणि, मागे रांग असूनही, न अडखळता सांगितलं, "सुगंधा अमृत चौधरी ती मीच."

निकाल लागला. गणितात एकसष्ट, इतिहासात त्याहून जास्त, मराठीत उत्तम. इंग्रजीत मात्र त्या तीन मार्कांनी राहिल्या.

गल्लीला हे पटेना. गोरी बाई घरात असताना इंग्रजीत नापास होते कशी? शांतीबाई तर वर येऊन इलोनाला जाब विचारून गेल्या. इंग्रजी ही माझी भाषा नाही, मी हंगेरियन आहे, मलाही ती शाळेत घोकावीच लागली आणि मीही एकदा तिच्यात नापास झाले होते, हे इलोनानं दिवसभरात सात जणांना सांगितलं. सातही जणांनी ऐकून घेतलं आणि निघताना तिला थोडी मेहनत घ्यायला सांगितलं.

सिंधुबाई स्वतः फारशा खट्टू नव्हत्या. पुढची परीक्षा जुलैत होती. त्यांनी व्याकरणाची दोन पुस्तकं मागवली, एक स्वतःला आणि एक इलोनाला. इलोनानं पहिलं पान उघडून आपलं नाव घातलं, आधी सॉबो, मग इलोना, आणि दोघी धड्याला लागल्या.