सारखी सही

आई गेल्यानंतर पोस्टमनकाकांचा पहिला फोन मी उचलला, तेव्हा त्यांनी "आता बरं वाटतंय ना?" असं विचारलं. माझा आवाज आईसारखा आहे, सगळेच फसतात. मी मुलगी बोलतेय, आई गेली, असं मी सांगितलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, मग खुनी कोण?

आई अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. पोस्टमनकाका तिचे सर्वांत जुने श्रोते. नोकरीभर लोकांचा मजकूर न वाचता पोचवला आणि निवृत्त झाल्यावर दृष्टी गेली, तेव्हापासून ते ऐकत आले होते. शेवटची रहस्यकथा त्यांच्याकडे एकेक प्रकरण करून जात होती आणि नेमकं शेवटचंच प्रकरण राहिलं होतं. पुस्तक माझ्या हातात आहे, आत्ता सांगते, असं मी म्हटलं. ते नको म्हणाले.

"खुनी कोण ते कोणीही सांगेल. बाई मध्येच पुटपुटायच्या, ते कोण सांगणार?"

हे खरं होतं. वाचणाऱ्याने पदरचं काही घालू नये असा ग्रंथालयाचा नियम होता. आई 'इन्स्पेक्टर अखेर खिडकीपाशी गेला' असं वाचायची आणि खालच्या पट्टीत म्हणायची, 'गेला एकदाचा.'

तिने शेवटचं प्रकरण वाचलं होतं की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबा म्हणाले, हॉस्पिटलमध्ये नेलं त्या दिवशी ती खोलीचं दार लावून बसली होती. पण दार लावून ती भांडणानंतरही बसायची, त्यावरून काही सांगता येत नाही. तिचा जुना कॉम्प्युटर आता सुरूच होईना. पोस्टमनकाकांना मी चौकशी करते एवढंच सांगितलं होतं. माझं स्वतःचं म्हणाल, तर मला खुनी ठाऊक होता. मला तिचा आवाज हवा होता.

मी तिच्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढली आणि बाबांच्या कॉम्प्युटरला वायरने जोडली. डिस्क फिरत होती, हात ठेवला की बारीक थरथर लागायची. पण कॉम्प्युटर तिला ओळखच दाखवेना. वायर बदलली, पोर्ट बदलला, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते.

"त्याला सांग, घरातलीच आहे म्हणून," ते म्हणाले.

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. कुठे जाऊन काय उघडायचं ते त्याने सांगितलं. तिथे जोडलेल्या सगळ्या डिस्कांची यादी होती, आणि तळाशी आईची डिस्क निमूट पडलेली होती. खाली कारण लिहिलं होतं: या डिस्कची सही आधीच चालू असलेल्या दुसऱ्या डिस्कच्या सहीसारखी आहे, म्हणून ती ऑफलाइन ठेवली आहे.

मी ते वाचून दाखवल्यावर दुरुस्तीवाला हसला. बाबांच्या कॉम्प्युटरमधली डिस्क म्हणजे आईच्या डिस्कची हुबेहूब नक्कल होती. तिनेच ती त्याच्याकडून करून घेतली होती, असावी म्हणून. नक्कल केल्यावरही ती जुन्या डिस्कवरच रेकॉर्ड करत राहिली. कॉम्प्युटर प्रत्येक डिस्क तिच्या सहीवरून ओळखतो, आणि नकलेत सहीही जशीच्या तशी आली होती. "एका म्यानात दोन तलवारी, ताई," तो म्हणाला. आता ऑनलाइन करा म्हटलं की कॉम्प्युटर हिला नवी सही देईल आणि आत घेईल. आतलं सगळं आहे तसंच राहील. फक्त सही बदलेल.

मी बटणावर बोट नेलं, तर बाबा म्हणाले, जरा थांब.

"लग्नानंतरसुद्धा तिने सही बदलली नव्हती," ते म्हणाले. मग म्हणाले, "दाब."

डिस्क उघडली, आत शेवटचं प्रकरण होतं. आईने घसा साफ केला, पानाचा आकडा सांगितला आणि वाचायला लागली. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. 'बसा, चहा काही मिळायचा नाही,' आई पुटपुटली. इन्स्पेक्टर एकेकाकडे बघत गेला, एकेकाला सोडत गेला. 'आणि हा खून,' तो म्हणाला, 'ज्या माणसाने केला' – तेवढ्यात दाराची बेल वाजली.

"थांबा हं," आई म्हणाली. "कोण आलंय बघते."

खुर्ची सरकली. लांब कुठेतरी दार उघडलं आणि दोन बायका बोलायला लागल्या. गाडी, पिशवी, रिपोर्ट एवढे शब्द कळत होते; तिला हॉस्पिटलमध्ये न्यायला मी आले होते, तो हा दिवस. त्यांतली मी कुठली, ते मला सांगता येईना. मग चपला जवळ आल्या आणि रेकॉर्डिंग बंद झालं. मशीन चालू ठेवून घराबाहेर पडणाऱ्यातली ती नव्हती.



"बेल फार जोरात वाजवतेस तू," बाबा म्हणाले.

मी पोस्टमनकाकांना फोन करून प्रकरण कुठे तुटलं ते सांगितलं. कोण आलं होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी.

"मग पुढचं तुम्हालाच वाचावं लागणार," ते म्हणाले. "ज्याने मोडलं त्याने जोडावं."

मला पुटपुटता येत नाही, असं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, बाईंनाही सुरुवातीला येत नव्हतं.

मी आईच्या खोलीत जाऊन बसले, माइक बाबांच्या कॉम्प्युटरला जोडला आणि दार लावून घेतलं. पुस्तकात तिची खूण होतीच. तिचं वाचन अगदी 'कोण आलंय बघते'पर्यंत ऐकलं, आणि तिथे रेकॉर्डचं बटण दाबलं.

"मीच होते," मी म्हटलं, आणि पुढच्या शब्दापासून वाचायला घेतलं.